चार बोटं आखूड बाही

— आणि बाही लांब केलीस तू! नाही, नाही, आधी हात थांबव. ब्रश ठेव खाली, तिमोशा, आणि हा पिरोग घे, कोबी भरून भाजलेला पाव आहे, गरम आहे तोवर खा. खिडकीतून घ्यायला कसली लाज? तीन दिवस तू आमच्या भिंतीवर चित्र रंगवत परांचीवर उभा आहेस आणि मी तुझं बूड बघत चहा पितेय, आता आपल्यात परकं काय राहिलंय! मी झिनाइदा लुकिनिच्ना. सगळी इमारत झीना आजी म्हणते, तूही म्हण. तर बाही. रोदिओनची. तुझ्याजवळ मूळ फोटो आहे ना, त्या फळीला चिकटवलाय तोच — चौघं जण, नारिंगी सूट, शिरस्त्राणं काखेत, चौघंही फिदीफिदी हसतायत. आता रोदिओनचा उजवा हात बघ. हातमोजा अडकवायची ती धातूची कडी कुठं आहे? मनगटावर? छे! चार बोटं वर चढलीय, मनगट उघडं पडलंय. आणि तू काय केलंस? ओढून खाली आणलीस. नीटनेटकं केलंस! तुला कुणी सांगितलं होतं — नगर समितीनं? समितीला काय कळतंय! समितीनं बागेतल्या रॉकेटला चंदेरी रंग दिला, तो एका हिवाळ्यात सोलून निघाला, आता दुधाच्या फुटक्या बरणीसारखं दिसतंय ते.

ऐक. तो सूट रोदिओनचा नाहीच. माझ्या नवऱ्याचा आहे. — अरे, हळू, ठसका लागेल! पाणी देऊ? चहाच घे. हो, माझ्या सेन्याचा. आर्सेनी, पण मी सेन्याच म्हणायची. अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीत पाच जण होते, चार नाही. सूट प्रत्येकाच्या मापानं शिवलेला — बोटं मोजायचे, मांड्या मोजायचे, सेन्या म्हणायचा, माझ्या आईनंसुद्धा मला एवढं निरखून बघितलं नसेल. दुसऱ्याचा अंगात घालायची सोय नाही. आणि फोटोच्या आदल्या दिवशी रोदिओन पाण्यात उतरायच्या सरावाला गेला आणि मानेजवळचं रबर फाडून आला. सूट गेला कारखान्यात. इकडं मॉस्कोहून फोटोवाला येऊन बसलेला, परत कधी येईल देव जाणे, आणि उड्डाणाच्या दिवशी फोटो काढायचा नाही, अपशकुन — अरे हसतोस काय, माणसं अवकाशात पाठवत होते पण अपशकुनाला टरकायचे सगळे! मग काय, रोदिओन तर पहिला उडणार, तो फोटोत हवाच. आणि सेन्या? सगळ्यात धाकटा, सगळ्यात बुटका. म्हणाले, सेन्या, उतरव.

उतरवला त्यानं. तो असा माझ्या खांद्याएवढा, आणि रोदिओन म्हणजे ताडमाड! दोघांनी धरून कोंबला त्याला आत. पाय फोटोत येणार नव्हते म्हणून निभावलं. पण तो वाकलाय बघ किती — शाळेच्या पुस्तकात छापलं होतं, ‘वीराची ती विनम्र मान’. कसली विनम्र! सूट जांघेत काचत होता त्याला! ताठ उभा राहिला असता तर त्याच्या बायकोला पोरंबाळं झाली नसती. ही त्याची विनम्रता! आणि हसतायत कशाला, विचार ना. विचार! फोटोवाल्याच्या शेजारी माझा सेन्या उभा, आतल्या लोकरीच्या विजारीत, गुडघ्याला भोक पडलेलं, आणि ओरडतोय, “रोद्या, श्वास घेऊ नकोस, फुटेल! रोद्या, शिंकू नकोस, मातृभूमीची शपथ आहे तुला!” म्हणून हसतायत ते. अख्खा देश म्हणाला, केवढा आत्मविश्वास चेहऱ्यावर! आत्मविश्वास नाही रे, माझ्या नवऱ्याची फाटकी विजार.

मग तो फोटो कुठं कुठं गेला! मिठाईच्या डब्यांवर, चहाच्या ग्लासांवर, टपाल तिकिटांवर — अख्ख्या देशानं माझ्या नवऱ्याच्या सुटाला मागून जीभ लावलीय, बाळा. आणि सेन्याचं काय? वसंतात त्याच्या कानात दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर शंभर वर्षं जगशील, वर नाही. शंभर कसली, सत्तरीही गाठली नाही, पण ते जाऊ दे. परत घालायला सूट नाही, परत काढायला फोटो नाही. तुकडीतून निघाला, तो निघालाच. रोदिओन माणूस बरा होता हं, दर एप्रिलला बाटली घेऊन यायचा, इथंच, या टेबलाशी बसायचा, म्हणायचा, “सेन्या, तुझा सूट मला अजून काचतोय.” दोघं हसून हसून लाल व्हायचे. रोदिओन गेला की सेन्या मात्र रात्रीची भांडी स्वतः घासायचा. एकेक भांडं.

मला काय, मी आपलं इतिहासासाठी म्हणते. खरं ते खरं. डोळे तर तू घालवलेसच, चौघांचेही आभाळाकडं लावलेस, जसं काही वर कुणी उकडलेले बटाटे वाटतंय! फोटोत ते खाली बघतायत, बाजूला, सेन्याकडं. आणि या भिंतीवर ते खाली बघत असते, तर कुठं बघत असते, सांग? मोज जरा. — या खिडकीत. माझ्या टेबलाकडं, तो बसायचा त्या स्टुलाकडं. पहिल्या दिवशी तू खडूनं आखलंस तेव्हा दिसलं मला, चहा तसाच गार झाला माझा. मग समितीनं सांगितलं आणि तू डोळे वर फिरवलेस, आता तिथली परांचीही उतरवली. असू दे. पण बाही अजून ओली आहे ना? सूट घातलेला त्याचा एक फोटो नाही माझ्याकडं, तिमोशा. एक नाही. लष्करी टोपीतला आहे, मासे धरतानाचा आहे, लग्नातला आहे, त्यात तर डोळेच मिटलेत मूर्खानं. सुटातला नाही. ही बाही इथं, खिडकीला लागून, हात बाहेर काढला तर पोचतो माझा — आखूड असली तर त्याची आहे, लांब असली तर कुणाचीही.

मुकादम ओरडतोय का खालून? जा बाबा, जा. शनिवारी फीत कापायला मोठी माणसं येणार, तुझी मजुरी अडकवतील. मी पडदा ओढून घेईन, त्यात काय. वय झालं की बाई बडबडते. दुसरा पिरोग कागदात बांधून देते, थांब.

हे घे. — अरे. हे काय करतोयस? नारिंगी पुसतोयस? समिती तुझ्या नावानं बोंब मारेल... आणि तो गुलाबी कशाला, तो तर कातडीचा... थांब. थांब, एवढं नाही. अजून वर. अजून. माझी बोटं बघ, अशी, चार.

हं. तिथंच.

तिथंच संपायची ती.

...जा आता, पलीकडचा कोपरा रंगव. खिडकी लावते मी, वारं येतंय. आणि काचेतून आत बघू नकोस, कळलं?