काचेतली जुडी विकायची नाही

नाही नाही नाही ताई, तिला हात नका लावू, प्लीज — ती काचेतली रानदवण्याची जुडी नुसती दाखवायला आहे, विकायची नाही. वास हवाय ना? हा घ्या, हे सिरम मनगटावर लावून बघा — बघा, आला ना रानदवण्याचा तो कडसर, उन्हातल्या गवतासारखा? तुमच्या गालावर लाली आहे, मास्कमुळे ना? सगळ्यांचं तेच झालंय, सोल शहरात सध्या अर्ध्या बायका लाल गाल घेऊन फिरतायत. रानदवणा ती आग शांत करतो, खाज कमी करतो, कातडी ओढल्यासारखी होत नाही — आणि हा साधासुधा नाही हां, गांगह्वा बेटावरचा आहे, माझ्या गावचा! मॅनेजर म्हणतो गिऱ्हाइकाला 'आई' म्हण, सगळ्या दुकानांत म्हणतातच की — पण मला नाही जमत हल्ली, मी ताई म्हणते, चालेल ना?

गावाकडे याला तीन वर्षं लागतात, सांगू का? जूनमध्ये दानोच्या सणाच्या आसपास कापायचा, जुड्या बांधायच्या आणि पडवीत उलट्या टांगायच्या, सावलीत, खारं वारं लागेल अशा — एक वर्ष नाही, दोन नाही, तीन! का? कारण नवा पाला उग्र असतो, नाजूक कातडीला झोंबतो. तीन वर्षांत तो तापटपणा सगळा वाऱ्यावर जातो. माझी आई दर वर्षीच्या जुड्यांना वेगळ्या रंगाची नायलॉनची दोरी बांधायची — कुठली कधीची ते कळावं म्हणून. मी लहानपणी म्हणायचे, "आई, तू पाला वाळवतेस की लोणचं मुरवतेस?" तर म्हणायची, "तुलाच टांगायला हवं तीन वर्षं, मग कुठे जरा नरम होशील!" हसताय? खरंच अशीच होती ती. — हो, होती. मार्चमध्ये गेली.

अहो नाही, सॉरी कशाला, तुम्हाला काय माहीत. मी ठीक आहे. थांबा, हे क्रीमपण लावून बघा — ही जी निळ्या दोरीची जुडी आहे ना काचेत, ती तिचीच. म्हणजे — मी आणली. कंपनीत मीटिंग होती, चांग साहेब म्हणाले, नव्या क्रीमसाठी कुणाकडे काही खरं, जुनं, गावचं आहे का? मी लगेच हात वर केला! रविवारी घरी गेले, आई शेतात होती, पडवीतून निळीवाली काढली, तीन वर्षं पूर्ण झालेली ती एकच उरली होती — आणि आले घेऊन. विचारलं नाही. विचारायचं काय, गवत तर आहे, असंच वाटलं. काय कौतुक झालं माझं! फोटो निघाले, काचेची पेटी बनवली, सगळे म्हणाले, सेबोम, तू तर हिरो आहेस.

मग दोन महिन्यांनी आईचं दुखणं निघालं, कॅन्सर. त्या औषधांनी तळहात सोलून निघाले होते ताई, बोटांना चिरा पडलेल्या, बटण लावता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात हात बुडवा. तर आई म्हणाली, "सेबोम, ती निळ्या दोरीची काढ, तिच्या पाण्यात बुडवते." आता काय करणार? मी — मी बाजारातून जुडी आणली. जुनी मिळालीच नाही, विकणारा म्हातारा स्वतः म्हणाला, पोरी, ही यंदाची आहे. म्हटलं द्या. निळी दोरी बांधली आणि उकळली. मला माहीत होतं, औषधांनी आईचं नाक गेलंय, तिला कशाचाच वास येत नव्हता. म्हटलं, कळायचं नाही. आणि तिने हात बुडवले, आणि म्हणाली, "छान वाटतंय." फक्त म्हणाली, "पडदा ओढ गं, उजेड डोळ्यांवर येतोय." मी ओढला. मग दर रविवारी तेच — मी पाणी उकळायचे, ती म्हणायची पडदा ओढ, आणि अर्धा अर्धा तास हात बुडवून बसायची, आणि मी समोर बसून इथल्या दुकानातल्या गमती सांगायचे तिला. खूश! मला वाटायचं, बघा, उपयोग होतोय.

ओकबुन मावशी, आमच्या शेजारच्या — त्यांनी सांगितलं मला. दिवस झाल्यावर, भांडी घासता घासता. म्हणाल्या, तुझी आई म्हणायची, पोरीने नवा पाला आणलाय, मला कळलंय ते तिला सांगू नकोस. मी म्हटलं, कसं शक्य आहे, नाक तर — तर म्हणाल्या, अगं, रंग! जुन्याचं पाणी चहासारखं होतं, नव्याचं पोपटी. आयुष्यभर तेच केलेली बाई ती. पडदा उजेडासाठी नव्हता ताई. पाण्याचा रंग तिला दिसला, हे मला कळू नये म्हणून होता. मला लाज वाटू नये म्हणून. आणि नवा पाला — सोललेल्या हातांना — अर्धा तास! झोंबत होतं तिला, आणि मी समोर बसून खिदळत होते.

परत का नाही मागितली? बरोब्बर विचारलंत. पेटीला साधं कुलूपपण नाही. चांग साहेब वाईट माणूस नाहीत, मागितली असती तर लगेच दिली असती. पण त्याच महिन्यात बढतीची यादी लागणार होती — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, का सांगतेय तुम्हाला, काय माहीत. लागली यादी. माझं नाव होतं. आईला फोन केला तर एवढी हसली, एवढी हसली —

नाही. नका म्हणू तसं. सगळे तेच म्हणतात, आईने तुला कधीच माफ केलं असेल. मला ठाऊक आहे केलं असेल! पण मग एकदा रागवायचं ना? एकदा म्हणायचं, सेबोम, हे काय आणलंस? मी रडले असते, पाय धरले असते, इथून धावत जाऊन जुडी आणली असती. तिने पडदा ओढायला लावला आणि मला खरं बोलायला जागाच ठेवली नाही. आता मी कुणाला सांगू? तुम्हाला? तुम्ही तर लाल गालांसाठी आला होतात.

सिरम रोज सकाळी दोन थेंब. चेहरा ओला असतानाच. पिशवी हवी? नको? बरं. जा ताई, जा, दार ढकला, बाहेरच्या बाजूला उघडतं.