गॅरेजमधला फोटो कोणी काढायचा

पुरवणी जबाब
दिनांक १२ मे २०२५, सकाळी ११.२० वाजता, पोलीस स्टेशन, यवतमाळ

नाव अब्दुल गनी शेख रहेमान, वय ५९ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा रंगकाम, राहणार लोहारा, ता. जि. यवतमाळ.

मी वरील नावाचा इसम, कोणी बोलावलं नसताना आपल्या पायानं ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, श्रीमती लालीबाई डोंगरसिंग राठोड, वय ६८, यांच्या अपघाताबाबत मी दिनांक २४ एप्रिल रोजी जो जबाब दिला तो अर्धा खोटा आहे. तो मी आज दुरुस्त करून देतो. हवालदार साहेबांना मी विनंती केली की मी बोलतो तसंच लिहा. मागचा जबाब लय साफ भाषेत लिहिला गेलता, त्यात माझं खोटं सहज बसून गेलं. साहेबांनी माझी विनंती मान्य केली.

राठोडांच्या घराले मी तीस वर्षांपासून ओळखतो. लालीबाईचे मालक डोंगरसिंग यवतमाळ ते पांढरकवडा जीप चालवत. त्यायच्या घराले पहिला रंग मीच दिला, मुलगा अमरसिंगच्या लग्नातला रंगही माझाच. लालीबाईले मी भाभी म्हणत होतो, त्या मले गनीभाऊ. घराच्या बाजूले एक शेड आहे, तिथं जीप उभी राहे. डोंगरसिंग वारले, जीप गेली, शेडमधी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आन जुनं सामान भरलं. अमरसिंग पंचायत समितीत नोकरीवर आहे. अक्षय्य तृतीयेला त्याची नवी गाडी येणार होती, म्हणून त्या शेडचं गॅरेज करायचं ठरलं. शटर आन फरशी आधीच झालती. घासाई, पुट्टी, रंग आन मागच्या भिंतीले हत्यारं ठेवायची लोखंडी मांडणी, एवढं काम माह्याकडं होतं. मांडणी माझा पुतण्या परवेज लोहाऱ्यात करून राह्यलता.

त्या मागच्या भिंतीवर, नऊ फुटांवर, केळापूरच्या जगदंबेचा फ्रेमचा फोटो होता. जीप घेतली त्या दिवशी डोंगरसिंगनं तो लावलता. रोज गाडी काढायच्या आधी ते त्याले हात जोडत. उदबत्तीच्या धुरानं तिथली भिंत काळी पडलती. मांडणी बरोबर त्याच जागी बसणार होती, म्हणून फोटो उतरवणं भाग होतं.

इथं माझा एक नेम सांगतो, काहून का सगळं त्याच्यावरच आहे. मी कोणाच्याही घरचा देव भिंतीवरून काढत नाही. घरच्याले आवाज देतो. आमच्या लोकाईच्या घरात कुराणाची आयत लिहिलेली फ्रेम असली, तरी तीही काढत नाही. उस्तादानं शिकवलं होतं की आपल्या हाताले रंग असते, चुना असते, भिंतीवरचा देव घरच्याच्याच हातानं उतरला पाहिजे. चाळीस वर्षं मी हा नेम पाळला. लोक म्हणत, गनीमिस्त्री इज्जत ठेवते. मलेही त्याची घमेंड होती, हे आज कबूल करतो.

दिनांक २४ एप्रिल, गुरुवार, दुपारी बाराच्या सुमारास माह्या तीन भिंती झाल्या. घरी भाभी एकट्या होत्या. सून रंजिता शाळेवर शिकवते, ती गेलती. मी आवाज दिला की भाभी, फोटो उतरवून द्या. त्या पदराले हात पुसत आल्या आन म्हणाल्या, "अमरचाही फोन आलता, सांजच्या आत फोटो काढून ठेव म्हणते. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. पण मी कायले चढू या वयात? सहाले आला का तोच काढीन." हे त्यायचे शब्द आहेत. हे साहेबांनी नीट लिहावं.

मी थांबाले पाहिजे होतं. सहा काही दूर नव्हते. पण मले दुसऱ्या दिवशी ढाणकी गावचं काम धरायचं होतं, त्याच्या आत पुट्टी वाळली पाहिजे होती. मी म्हटलं, सहा म्हणजे लय उशीर होते. त्यावर भाभी म्हणाल्या, "मग तूच काढ ना गनीभाऊ. तीस वर्षं झाले, तू काय परका हायेस?"

मी म्हटलं, "नाही भाभी, माझा नेम मोडू नका. मी घोडी धरतो, तुम्ही चढा."

त्या हसल्या. तुह्या नेमापायी म्हातारीले घोडीवर चढा लागते, म्हणाल्या, आन साडी खोचून चढल्या. घोडी म्हणजे आमची रंगाची लाकडी शिडी, चार पायाची. माझी उंची सहा फूट आहे. भाभी माह्या खांद्यालेही लागत नव्हत्या.

घोडी मी दोन्ही हातानं धरलती. फोटोची तार गंजून खिळ्यात अडकलती. भाभीनं पक्कड मागितली. पक्कड माह्या थैलीत होती, थैली शटरजवळ, सहा पावलांवर. मी म्हटलं हलू नका, आन घोडी सोडली. थैलीत हात घातला तेव्हा मागं आवाज झाला. भाभी नव्या फरशीवर पडल्या होत्या, डोकं मागून फुटलं होतं. मी माह्या दुपट्ट्यानं बांधलं. त्या शुद्धीवर होत्या. शेजारचे पंजाबराव ऑटो घेऊन येईपर्यंत त्यायनं माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, "सांगजो, मी आपल्या मनानंच चढली. तुह्यावर काही येऊ नाही पाहिजे." त्यानंतर त्या माह्याशी बोलल्या नाहीत. दिनांक २८ रोजी दवाखान्यात वारल्या.

अपघाताच्या दिवशीच सांजी ठाण्यात विचारणा झाली. मी सांगितलं की मी नळावर ब्रश धुऊन राह्यलतो, त्या कधी चढल्या ठाऊक नाही, आवाज आला तेव्हा धावलो. भाभीनंच तसं सांगितलंय, असं मी मनाले समजावलं. खरं म्हणजे मी भ्यालो. माझं नाव काय, फोटो कोणाचा, गावात कोण काय बोलीन, हेच डोक्यात फिरत होतं.

तो जबाब देऊन मी सामान घ्याले गॅरेजमधी गेलो. घरचे सगळे दवाखान्यात होते. फोटो खिळ्यावर तिरपा लटकून होता, कधीही खाली आला असता. मी दोन पायऱ्या चढलो आन काढला. एका हातानं निघाला. पक्कड लागली नाही. वजन काही नव्हतं त्याचं. माह्या हाताले पुट्टी होती, तरी काही झालं नाही. धुतलेल्या रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी रंजिताजवळ दिला. कोणी काढला हे तिनं विचारलं नाही.

दिनांक १० मे रोजी तेराव्याले मी गेलतो. अमरसिंग मांडवात बसला नव्हता, गॅरेजच्या फरशीवर बसून होता. दाढी वाढलेली. रंजिता म्हणाली, काका, तेरा दिवसांपासून हे असेच आहेत, जेवत नाहीत, गाडी नको म्हणून सांगून दिलं. मी त्याच्याजवळ गेलो. तो आईले याडी म्हणते. चार लोकांसमोर मले म्हणाला, "काका, म्याच फोन केलता याडीले, फोटो काढून ठेव म्हणून. माह्यानंच गेली ती." वर मलेच म्हणते, काका, रंग पुरा करून टाका, याडीसमोर सुरू झालेलं काम अर्धं राहू नाही. मी हो म्हटलं. पंगतीत बसलो, पण ताट तसंच ठेवून उठलो.

घरी येऊन बायको आयशाबीले सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाभीनं तुम्हाले वाचवाले सांगितलं होतं, आपल्या पोराले माराले नाही. काल दिवसभर मी घरीच बसलो. आज सकाळी इथं आलो.

साहेब, फोन अमरसिंगनं केला हे खरं आहे. पण भाभी त्याच्या फोनानं चढल्या नाहीत. त्या त्याची वाट पाहणार होत्या. चढवलं मी, घोडी सोडली मी. ही गोष्ट मी आन आयशाबी सोडून कोणालेच माहीत नाही, आम्ही चूप राह्यलो तर ती आमच्यासंगंच जाईन. माह्यावर जी कारवाई होईन ती होऊ द्या. मले कोणी धमकावलं नाही, कोणी समजावून पाठवलं नाही. फोटोच्या जागेवरचा चौकोन सोडून गॅरेजचा बाकी रंग मी पुरा करून देईन. त्या चौकोनाचं काय करायचं ते अमरसिंगनं ठरवावं.

हवालदार साहेबांनी लिहिलेलं मले पहिल्यापासून मोठ्यानं ऐकवलं. दोन ठिकाणी 'मयत महिला' लिहिलं होतं, ते खोडून 'भाभी' करायले लावलं. बाकी माह्या तोंडचंच आहे आन बरोबर आहे. एकच विनंती, हा जबाब अमरसिंगलेही असाच मोठ्यानं वाचून दाखवावा. सहाले आला का तोच काढीन, या ओळीवर जरा थांबावं.

सही: अब्दुल गनी शेख रहेमान