शुक्रवारी चार वाजून पाच मिनिटांनी

टोकियोच्या एका बसथांब्यावर म्हातारे कुवाबारा पुस्तक उघडून रांगेत उभे होते, पण पान काही उलटत नव्हतं. मागे कलाशाळेतल्या दोन मुली बोलत होत्या.

"चिगुसा, केसांत केवढा हा भुसा! पुन्हा इसोबे-सानचा पुतळा घासत बसलीस?"

"त्यांचं पदवीचं काम आहे. खालच्या वर्गानं मदत करायचीच असते."

"पण पुतळा त्यांचं प्रेम असलेल्या मुलीचा, आणि जीव टाकतेस तू त्यांच्यावर! वेड लागलंय का गं?"

"गाल झाले. आता नाक राहिलंय."

"मग जरा वाकडंच घास."

"रिको! त्या लाकडानं काय घोडं मारलंय?"

"त्यांना कधी सांगणार आहेस की नाही?"

"शुक्रवारी. चारला पुतळा जमा होतो. चार वाजून पाच मिनिटांनी सांगणार."

"आजच सांगून टाक ना."

"आज सांगितलं तर त्यांचा हात थरथरेल. डोळे कोरायचे राहिलेत अजून."

"आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणणारच. तीन आठवडे तिचा चेहरा घासतेय, मला कळत नाही होय?"

"मग सांगायचं तरी कशाला, बाई?"

"ते 'नाही' मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तुझ्या तोंडून ऐकून कान किटले माझे."

बस आली. कुवाबारा घाईघाईनं बाजूला झाले.

"तुम्ही चढा आधी," ते चिगुसाला म्हणाले, आणि इतका वेळ चोरून ऐकल्याच्या लाजेनं कानापर्यंत लाल झाले.