'इतर उपयोग'चा रकाना

लिनताईंच्या मेसेजला त्या दिवशी शेवटी नेहमीचं फुलाचं इमोजी नव्हतं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. मेसेज एका शब्दाचा होता. "ड्रोन?"

सांगते ना. वारज्यात आमचा ई-स्कूटरच्या मोटरी बनवायचा छोटा कारखाना आहे. मोटरीतली चुंबकं चीनहून लिनताई पाठवायच्या आणि खरेदी माझ्याकडे. हल्ली चुंबकं कुठे वापरणार हे लिहून दिल्याशिवाय त्यांचं सरकार माल सोडत नाही. लिनताईंनी बजावलं होतं, "फक्त स्कूटर लिहा." पण 'इतर उपयोग'चा रकाना रिकामा ठेवायची मला भीती वाटली. काहीतरी लपवलंय असं वाटलं तर? म्हणून मी लिहिलं, 'ड्रोनसाठीही एकदा विचारणा झाली होती.'

साहेबांनी फॉर्मची प्रत वाचली आणि चष्मा काढला. "विचारणा लष्कराची होती, तेही लिहायचं. कशाला कमी ठेवलंत?"

"सर, खरं तेच लिहिलं."

"हो ना. आता खऱ्यावरच मोटरी फिरवा."

माल अडकला, त्याचं साहेबांनी काहीतरी केलं असतं. पण तिकडच्या अर्जावर सही लिनताईंची होती. त्यांचीच चौकशी लागलीय, एवढं त्यांच्या ऑफिसच्या ईमेलमधून कळलं. माफी मागायला मी रोज फोन लावायचे, नुसती रिंग वाजायची.

नवव्या दिवशी कुणीतरी उचलला. पुरुषाचा आवाज, इंग्रजी अगदी शांत.

"लिन आता इथे काम करत नाहीत. सगळं खरं लिहिणाऱ्या मॅडम आपणच का?"