सणाच्या आदल्या दिवशी

दातांच्या दवाखान्यात बसड्रायव्हर गाल धरून बसला होता. शेजारी नाटकात आईचं काम करणाऱ्या मावशी आणि त्यांना सोबत म्हणून आलेला दिग्दर्शक. दाढ मावशींची दुखत होती, पण तोंड थांबत नव्हतं.

“सणाचा प्रवेश फाशीच्या आधी घेतलात?”

“फक्त एक प्रवेश आधी, मावशी.”

“अहो, कापणीच्या सणाला राजा सगळ्या कैद्यांना माफी देतो. माझ्या पोराला आदल्या दिवशी फाशी होते. एका दिवसानं हुकतो तो! या गोष्टीत तो तीनशे वर्षं हुकतोय!”

“नाचाच्या मुलींना साडेआठची बस असते. सण शेवटी ठेवला तर नाचणार कोण?”

“आणि आधी ठेवला तर माझं पोर सुटलं की! मग त्याला फासावर कशाला चढवता?”

“फाशीची तालीम पक्की झालीय.”

“मग मी रडू कशावर?”

“नेहमीसारखंच रडा. तारखा कोण मोजतंय?”

“मी मोजते! पहिल्या अंकापासून भिंतीवर दिवसांच्या रेघा मारतेय. पोर सुटल्यावरही मी रेघाच मारत बसायचं? आई आहे की रंगारी?”

“मावशी, हळू. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! सण हलवलात तर दुसरी आई शोधा.”

ड्रायव्हरनं तोंडातला कापूस बाहेर काढला.

“साडेआठची गाडी माझीच. अर्धा तास थांबवतो.”

“खरंच?”

“हो. पण पोराला सणाच्या आधीच लटकवा.”

मावशींनी त्याचे दोन्ही हात धरले. “देव तुमचं भलं करो, भाऊ.”