खालची झडप

पनवेलच्या थांब्यावर उलव्याच्या बसची वाट पाहत एक कोळी सासू-सून घराच्या नव्या खिडकीविषयी बोलत होत्या.

“आये, सुताराला दोन झडपा सांगू. वरची उघडी, खालची बंद. उजेड येल, आन् समोरच्या बिल्डिंगवरचे गवंडी घरात बघनार नायत.”

“आन् तुझा सासरा? पाय गेल्यापासून भुईवर बसून जाली विनतो. त्याला खाडी कशी दिसंल?”

“मग मी दिवसभर पदर सांभालत बसू?”

“नको गो. त्याला निस्त्या भरतीच्या होड्या बघायच्या असतात. तवा खालची उघड आन् तू आत रांधायला जा. मंग लाव.”

“भरतीची येल रोज बदलते. मला कसं कलनार?”

“त्याला इचार. होडी इकल्यापासून त्याला कुनी काय इचारलंच नाय.”