पाचवी पायरी

खळ्ळ!

दचकू नका मंडळी, काही फुटलं नाही. हा आवाज एक्कावन्न वर्षांपूर्वीचा आहे. सात वर्षांच्या माधवनं, म्हणजे मीच, रागाच्या भरात पाटी भिंतीवर आपटली, तिचा. निजामाचा अंमल होता, शाळेला आमच्याकडं अजून मदरसाच म्हणत. मास्तरांनी मला तास संपेपर्यंत अंगठे धरायला लावले आणि वरून ओरडले, "गिळ! राग गिळ आधी!" मी गिळला. तो कुठं गेला, ते पुढं सांगतो.

तर, आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, शिक्षण विस्तार अधिकारी अण्णासाहेब, व्यासपीठाची शोभा वाढवणारे सरपंच तात्याराव, मुख्याध्यापक दत्तराव, माझे सहकारी, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या चिमण्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माता-भगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. दत्तरावांनी कौतुक करताना मला "शांत स्वभावाचे गुरुजी" असं सहा वेळा म्हटलं. मी मोजलं. पण मी शांत नाही, आणि आज तर मुळीच नाही. कारण याच दत्तरावांच्या टेबलावर एक कागद पडलेला आहे. त्या कागदाबरहुकूम उद्या, एक सप्टेंबरला, पहिलीच्या हजेरीपटावरून केशरचं नाव काढलं जाणार आहे. केशर म्हणजे खालच्या आळीतल्या सटवाजीची नात. वय वर्षं सहा. तिचा गुन्हा असा, की तिनं तात्यारावांच्या नातवाला, आपल्या सितारामला, चावा घेतला.

घेतला. मी नाही म्हणत नाही. पण मंडळी, पहिला चावा मला आहे! हा बघा, मनगटावर. जूनमध्ये शाळेत आली त्या दिवशीचा. बहात्तरच्या दुष्काळात हिची आई खडी फोडायच्या कामावर उन्हानं गेली. बाप काम शोधत गेला, तो अजून परत यायचा आहे. सटवाजी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, फोडून काढा तिला. माझं काई ऐकत न्हाई."

मी म्हटलं, "सटवाजी, पूर्णेला पूर आला तर तुमी नदीला फोडून काढता का?"

"न्हाई जी. घाटावर जाऊन बगतो, पाणी कुठवर आलंय."

बघा, अडाणी म्हणवणाऱ्या माणसानं मला माझा धडा दिला. आपल्या घाटाला सात पायऱ्या. तिसरी बुडाली की गोठ्यातली गुरं सोडायची. पाचवी बुडाली की खालच्या आळीनं बोचकी उचलून या शाळेत यायचं. शेंबड्या पोरालाही हे पाठ आहे. पुरावर कुणी डोळे वटारत नाही. कितवी पायरी, एवढंच विचारतात. मीही तेच विचारायला लागलो.

"केशर, पाणी कितव्या पायरीवर?"

"कोणतं पाणी?"

"तुझ्या पोटातलं."

तिनं मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडं बघितलं. मग तीन बोटं दाखवली.

"चढायलंय का उतरायलंय?"

"चढायलंय."

"मग गुरं सोड की!"

हसली, मंडळी! सहा दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून वर्गाचा कायदा झाला. राग असो, रडू असो, भीती असो, आतलं पाणी बोटांनी सांगायचं. पाच झाली की कुणाला न विचारता उठायचं, बाहेर लिंबाच्या पारावर बसायचं, आवडती कविता पाहिजे तेवढ्या मोठ्यानं म्हणायची, आणि उतरलं की परत यायचं. केशर सुरुवातीला दिवसातून चारदा जायची, नंतर आठवड्यातून एकदा. अडीच महिने कुणाला दात लागला नाही. तात्याराव, आपला सितारामही एकदा जाऊन आलाय बरं का. घरी सांगितलं नसेल त्यानं.

यावर तपासणीच्या वहीत शेरा पडला, "वर्ग चालू असताना मुले मर्जीने उठून जातात. शिस्त नाही." अण्णासाहेब, सही आपलीच आहे. झकास आहे.

मग परवाचा सोमवार उजाडला. पेन्शनच्या कागदांसाठी मी परभणीला गेलो. वर्गावर बदली शिक्षक आले, दोन दिवसांपूर्वी गावात पाऊल टाकलेले. पाटीवर शब्द लिहायचा होता, 'आई'. केशरनं हात वर केला. पाच बोटं. त्या भल्या माणसाला वाटलं, पोर आपल्यावर चापट उगारतेय! "मास्तरवर हात उगारतेस?" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि सितारामला फर्मावलं, "धर रे तिला!" दार बंद, वर हात धरलेला. पुढं काय होणार?

माझी चूक एवढीच, की ही खूण मी पोरांना शिकवली आणि मोठ्यांना शिकवायची राहिली.

कालच्या शाळेच्या बैठकीत तात्याराव म्हणाले, "गुरुजी, राग दाबायचा असतोय. तुमी पोरांला पायऱ्या मोजायला शिकवायलाव!" होय, शिकवायलोय. पुस्तकातल्या कवितेत समुद्र खवळला तर आपण टाळ्या देतो, आणि सहा वर्षांची पोर खवळली की तिचं नाव काढतो?

दाबलेल्याचं काय होतं, ते विचारा मला. अकरा वर्षांपूर्वी माझी बायको सुमंगला गेली. चौदाव्या दिवशी मी याच वर्गात पावसाची कविता सुरात शिकवली. पोरं खूश. गाव म्हणालं, काय धीराचा माणूस! धीर कसला? डोळ्यांतून टिपूस येईना. सात वर्षांच्या पोराला गिळायला शिकवलं, की तो नुसता राग गिळत नाही. सगळंच गिळतो. आजतागायत मी तिच्यासाठी रडलेलो नाही.

म्हणून या भरल्या सभेत सांगतो. नाव काढा, खुशाल काढा. उद्यापासून मी सरकारी नोकर नाही, माझ्यावर शेरा मारायला वही उरलेली नाही. रोज अकराच्या ठोक्याला केशर आणि मी त्या पारावर बसू. ती शिकेल, मी शिकवीन, आणि कविता अशा खणखणीत म्हणू की आतला वर्ग बाहेर येईल. कुणाला उठवायचं असेल त्यानं यावं.

असो. पेढे कधीचे ताटकळलेत. छत्तीस वर्षं आपण आपली लेकरं या हातात दिलीत, याहून मोठी शाल ती कोणती? आपल्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात थोरामोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. त्या कागदाबद्दल बोललो ते मात्र पोटात घालू नका, ते बाहेरच...

दाराशी कसली गडबड? कोण आहे? अहो, अडवू नका. सटवाजी आलाय का? नाही, एकटीच दिसतेय.

केशर!

सोमवारपासून हिला आवारात पाय ठेवू नको म्हटलंय, तरी आलीय. आणि हात बघा, तात्याराव. नीट बघा. कुणावर उगारलाय का तो? पाच आहेत. पाचवी बुडाली की खालच्या आळीनं कुठं यायचं असतं, सरपंच? शाळेत. पूर असताना या शाळेनं आजवर दार लावलेलं नाही.

सिताराम, तू का उठलास रे? ... जागा करतोय तिला. सतरंजीवर, आपल्या शेजारी.

आणि अध्यक्ष महाराज, माझाही हात वर गेलाय. निरोपाचा नाही तो. बोटं मोजा.

पाच.